निसर्गकविता आणि लहान मूल : 'फुलराणी'पासून दगडखाणीपर्यंत

१

'मुलांची निसर्गकविता' हा स्वतंत्र काव्यप्रकार मराठी समीक्षेने कधी सिद्ध केलेला नाही. तरीही तो अस्तित्वात आहे, असे सर्वजण गृहीत धरून चालतात. क्रमिक पुस्तकाच्या आरंभीच पाऊस, पाखरू, फूल किंवा झरा यांपैकी एखाद्या विषयावरची कविता येते आणि बहुतेक मराठी वाचकांची कवितेशी पहिली ओळख अशाच कवितेतून होते. असे असूनही या कवितेचा विचार दोन सोयीस्कर चौकटींतच होत आला आहे. बालसाहित्याचे अभ्यासक तिच्याकडे 'संस्कारा'चे साधन म्हणून पाहतात. काव्यसमीक्षक तिला सौंदर्यवादी संप्रदायाचे एक गोड उपांग मानतात. ही कविता कोणत्या मुलाला, कोणी, कोठे आणि कशासाठी वाचून दाखविली, हा प्रश्न दोन्ही चौकटींच्या बाहेर राहतो. वाङ्मयाच्या इतिहासात संहितेइतकेच तिच्या वाचनप्रसंगालाही स्थान आहे हे मान्य केले, तर बालकवितेच्या बाबतीत हा प्रश्न टाळता येत नाही. कारण लहान मूल स्वतः वाचत नाही. त्याला वाचून दाखविले जाते. त्याच्यात आणि संहितेत एक प्रौढ आवाज असतो.

या आवाजाचा आणि त्याच्या जोडीने आलेल्या चित्राचा मराठीतील इतिहास पाहू गेल्यास तीन टप्पे दिसतात. पहिल्यात निसर्ग हा मुलाचा नातेवाईक आहे, दुसऱ्यात तो मुलाचे प्रतीक आहे आणि तिसऱ्यात तो पुस्तकातले चित्र आहे. हे टप्पे एकामागून एक येऊन संपले असे नव्हे; ते एकमेकांवर साचत गेले आहेत.

२

छापील पुस्तकाच्या आधीची मौखिक परंपरा घेतली, तर तेथे निसर्गाशी मुलाचे नाते व्यवहाराचे आणि नात्यागोत्याचे आहे. चंद्र हा मामा आहे, मांजर ही मावशी आहे. जेवताना एक घास चिऊचा, एक काऊचा असतो, म्हणजे पाखरे ताटात वाटेकरी आहेत. पावसाला पैशाचे आमिष दाखविणारे प्रसिद्ध बडबडगीत पाहावे. त्यात पाऊस हा वर्णनाचा विषय नाही. त्याच्याशी सौदा चालला आहे, आणि त्या सौद्यात दिलेला पैसा खोटा निघतो. निसर्गाला फसविता येते, तोही आपल्याला फसवितो, ही समज त्या चार ओळींत आहे. चिऊ-काऊच्या गोष्टीत तर पावसाने एकाचे घर वाहून जाते आणि दुसऱ्याचे टिकते; ज्याचे वाहून गेले त्याला दारात उभे राहून विनवण्या कराव्या लागतात. दारिद्र्य, निवारा, शेजाऱ्याचा निष्ठुरपणा हे सारे तीन वर्षांच्या मुलाला भरवता भरवता सांगितले जाते आणि त्यात कोणाला अनुचित वाटत नाही.

या परंपरेचे दुसरे वैशिष्ट्य असे, की तिच्यातील प्रौढ आवाज स्वतः त्या निसर्गात राबणारा आहे. याचा सर्वांत लखलखीत पुरावा बहिणाबाई चौधरी यांच्या गाण्यांत मिळतो. १९५२ मध्ये ही गाणी ग्रंथरूपाने आली आणि त्यांतील सुगरणीच्या खोप्यावरचे गाणे शाळाशाळांतून पोहोचले. सुगरण तेथे सुंदर म्हणून आलेली नाही. हात नसताना काम साधणारी कारागीर म्हणून आली आहे. निसर्गाकडे पाहण्याची ही कामकऱ्याची दृष्टी मराठीत होती; मुलांच्या छापील कवितेने मात्र आरंभी ती स्वीकारली नाही.

३

छापील कविता मुलांपर्यंत आली ती शिक्षणखात्याच्या मार्गाने. परशुरामतात्या गोडबोले यांचा 'नवनीत' हा जुन्या मराठी कवितेचा वेचा १८५४ मध्ये निघाला. संत व पंडित कवींची कविता विद्यार्थ्यांच्या हाती देणारा हा संग्रह पिढ्यान्पिढ्या वापरात राहिला. त्यात निसर्ग येतो तो अलंकाराच्या वाटेने: उपमान म्हणून, ऋतुवर्णन म्हणून किंवा नीतीच्या दृष्टान्तासाठी. १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओक यांनी सुरू केलेल्या 'बालबोध' मासिकात चरित्र, कविता आणि निबंध असा ठरीव साचा असे. या साच्यात कविता ही ज्ञान आणि उपदेश यांच्या मधली जागा भरून काढी. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांनी 'आनंद' मासिक काढले. त्या नावातच बोधाकडून रंजनाकडे वळलेली दिशा दिसते.

या संक्रमणकाळात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या कवितेने निसर्ग आणि मूल यांना एकत्र आणले. त्यांना 'फुलांमुलांचे कवी' म्हटले गेले, ते योग्यच आहे. पण त्या सामासिक शब्दात एक समीकरण दडलेले आहे. फूल आणि मूल हे शब्द यमकाने जुळले म्हणून दोन वस्तूही एकाच जातीच्या मानल्या गेल्या: कोमल, निष्पाप, अल्पायुषी आणि दुसऱ्याने जपावे अशा. 'वनवासी फूल'मध्ये फुलाशी चाललेला संवाद तत्त्वचिंतनाचा आहे. मुलाला त्यातले थोडेच कळावे. 'केवढे हे क्रौर्य'मध्ये मात्र शिकाऱ्याने जखमी केलेल्या पक्षिणीच्या मुखातून आलेले दुःख मुलांच्या मनाला थेट भिडले. तेथेही क्रौर्य आहे ते माणसाचे. निसर्ग स्वतः निर्दोषच राहतो.

४

टिळकांच्या घरी राहिलेला त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा तरुण या समीकरणाचा पुढचा वारस. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त तो जिवंतपणे भेटतो. १९०७ मध्ये जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनात त्याला 'बालकवी' ही पदवी मिळाली, तेव्हा त्याचे वय सोळा-सतरा वर्षांचे होते. ही पदवी कवीच्या वयाला होती. बालांसाठी लिहिणारा कवी, असा तिचा अर्थ नव्हता. पण पुढे मराठी शाळेने त्या समासाचा विग्रह बदलला. वयाने बाल असलेला कवी हा बालांचा कवी झाला. मराठी बालकवितेच्या इतिहासातील हा सर्वांत फलदायी आणि सर्वांत दूरगामी गैरसमज होय.

'फुलराणी' ही मुलांसाठी लिहिलेली कविता आहे काय? तिच्यात हिरव्या माळावरची एक कळी आहे, सूर्यकिरणाचे प्रणयाराधन आहे, रात्रीची अस्वस्थता आहे आणि पहाटेचा विवाहसोहळा आहे. कौमार्यातून प्रेमजाणिवेकडे जाण्याची ही रूपककथा आहे. प्रौढ वाचक तिला बालकविता समजतो, कारण तिच्यातील वस्तू लहान आहेत, त्या बोलतात आणि निष्पाप आहेत. लहान वस्तू लहान माणसांच्या, असा हा हिशेब आहे. 'औदुंबर'सारखी आठ ओळींची उदास कविता शाळेत शिकविली जाते तीही याच न्यायाने: शब्द सोपे आहेत, चित्र स्पष्ट आहे. त्या चित्रातील विषण्णतेचे काय करायचे, हे मात्र शिक्षक ठरवू शकत नाहीत आणि समीक्षकांचेही त्यावर आजवर एकमत झालेले नाही.

येथे पाश्चात्त्य विचारातील दोन सूत्रे उपयोगी पडतात. फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकाराने १९६० मध्ये असे मांडले, की बालपण ही केवळ शारीर अवस्था नसून इतिहासात घडत गेलेली कल्पना आहे. जॅकलीन रोझ यांनी १९८४ मध्ये 'पीटर पॅन'चा अभ्यास करताना असा मुद्दा उपस्थित केला, की बालसाहित्यातील मूल हे प्रौढांच्या इच्छेने रचलेले असते आणि प्रत्यक्ष मूल त्या रचनेच्या बाहेर राहते. रूसोच्या 'एमिल'पासून (१७६२) मूल आणि निसर्ग यांना समाजाच्या विरुद्ध बाजूला उभे करण्याची जी प्रथा पडली, तिचा मराठी अवतार 'फुलांमुलां'च्या समासात आहे. अर्थात मराठीतील मूल सर्व मुले नव्हे. ज्याला माळ 'हिरवळीचा गालिचा' म्हणून पाहता येतो, ज्याला त्या माळावर गुरे राखायची नसतात, ते हे मूल आहे.

याचा अर्थ बालकवींची कविता मुलांपासून दूर ठेवावी असा नाही. तिच्या नादाने आणि गतीने कित्येक पिढ्यांच्या कानांवर मराठी छंदाचा संस्कार झाला आहे. अर्थापूर्वी नाद पोहोचतो, आणि नादाचे मुलाला वावडे नसते. प्रश्न इतकाच, की नादापाठोपाठ येणारा निसर्ग कोणाचा?

५

या प्रश्नाला मराठीत पहिले गंभीर उत्तर मिळाले ते कवितेतून नव्हे, तर बालशिक्षणातून. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. माँटेसरी पद्धतीत काल्पनिक कथांविषयी साशंकता होती. गिजुभाईंनी मात्र गोष्टीला बालमंदिरात मानाचे स्थान दिले. ताराबाईंनी हे काम १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. तेथील वारली मुले गुरे घेऊन रानात जात आणि शाळेत येऊ शकत नसत. म्हणून शाळाच कुरणात गेली आणि 'कुरणशाळा' जन्मली. पाने, बिया, खडे, शिंपले ही तेथली शैक्षणिक साधने होती.

वाङ्मयदृष्ट्या या घटनेचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. कुरणशाळेत निसर्गकवितेचा गृहीत वाचक उलटापालटा झाला. शहरी मुलाला कवितेतून रान दाखवावे लागते. येथे मुलाला रान शिक्षकापेक्षा अधिक ठाऊक होते. झाडांची, पाखरांची, कंदांची नावे त्याच्या बोलीत होती, प्रमाण मराठीत नव्हती. अशा ठिकाणी गाणे म्हणून दाखविणारा प्रौढ आवाज शिकाऊ होतो, आणि हा बदल साधा नाही. शिवाय या मुलांच्या घरच्या भिंतींवर चित्रे होती. लग्नात स्त्रियांनी काढलेला चौक, झाडे, पाखरे, नाचणारी माणसे यांची एक पूर्ण दृश्यभाषा त्या समाजाजवळ होती. जिव्या सोमा मशे यांच्यामुळे पुढे ती जगभर गेली. मराठी बालपुस्तकांनी मात्र तिच्याकडे फार उशिरा आणि फार थोडे पाहिले. वारली शैलीतील 'डू!' हे लहान मुलांचे पुस्तक निघाले ते चेन्नईच्या तारा बुक्सकडून.

६

स्वातंत्र्योत्तर काळात बालकवितेचा सूर बदलला. आचार्य अत्रे यांच्या 'नवयुग वाचनमाले'ने पाठ्यपुस्तकाची भाषा आधीच मोकळी केली होती. ग. ह. पाटील यांनी 'पाखरांची शाळा' लिहून निसर्गातच वर्ग भरविला आणि शाळेच्या शिस्तीला हसण्याची सोय करून दिली. विंदा करंदीकरांच्या 'राणीची बाग' (१९६१) या संग्रहाने तर निसर्गाचा पत्ताच बदलला. मुंबईच्या मुलाला प्राणी भेटतात ते भायखळ्याच्या पिंजऱ्यात, हे वास्तव त्यांनी लपविले नाही. तेथील प्राणी गोजिरवाणे नाहीत. ते तक्रारखोर, विक्षिप्त, माणसांसारखे स्वार्थी आहेत. मौखिक परंपरेतील सौदा आणि फसवणूक येथे नव्या वेषात परत आली. विंदांनी कवितेतून फूल वजा केले आणि मूल अधिक मोकळे झाले, असे म्हणावेसे वाटते. मंगेश पाडगांवकरांच्या 'वेडं कोकरू' आणि 'सुट्टी एके सुट्टी' यांसारख्या संग्रहांतही लयीचा खेळ बोधाच्या पुढे गेला.

याच सुमारास संस्थात्मक पातळीवर उलट दिशेची घटना घडत होती. २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात 'बालभारती' म्हणजेच पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ स्थापन झाले आणि राज्यभर एकच पुस्तक गेले. पुस्तक स्वस्त झाले, खेड्यापाड्यांत पोहोचले. १९७१ पासून 'किशोर' मासिकाने सजावटीचा दर्जाही उंचावला. हे यश मोठे आहे. पण कोकणातील, खानदेशातील आणि मराठवाड्यातील मुलाला श्रावण आता एकाच पानावर आणि एकाच शब्दांत भेटू लागला. १९७२ च्या दुष्काळात ज्यांचे आईबाप खडी फोडण्याच्या कामांवर होते, त्या मुलांनीही ऊनपावसाच्या खेळाची कविता पाठ केली असेल. पाठांतराला ऋतूची अट नसते.

७

चित्राचा इतिहास याहून विलक्षण आहे. कोमेनिअसचे 'ऑर्बिस पिक्टस' हे मुलांसाठी रचलेले सचित्र पुस्तक युरोपात १६५८ मध्ये निघाले. मराठीत रंगीत छपाईचे तंत्र नव्हते असे नाही. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे पुणे जिल्ह्यातील मळवलीला गेला. त्या छापखान्याने घरोघरी रंगीत चित्रे पोहोचविली. ती देवादिकांची होती. रंगाला गिऱ्हाईक होते, मुलाला नव्हते. देवघरासाठी पैसा निघे, मुलाच्या पुस्तकासाठी निघत नसे.

म्हणून बहुसंख्य मराठी मुलांचे पहिले चित्रपुस्तक म्हणजे अंकलिपी. तिच्यातील 'अ'चा अननस आणि 'ई'चा ईडलिंबू यांवर स्वतंत्र लेख लिहिता येईल. महाराष्ट्रातील कोट्यवधी मुलांनी जे फळ कधी चाखले नाही, ते त्यांच्या भाषेचे पहिले अक्षर ठरले. येथे चित्र वस्तू दाखवीत नाही; ते अक्षराची आठवण ठेवते. निसर्ग हा लिपीचा नोकर झाला आहे.

नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयाने स्वस्त रंगीत पुस्तके मराठीत आणली. एकच चित्रसंच ठेवून भाषेचा मजकूर तेवढा बदलायचा, ही त्यामागील अर्थव्यवस्था होती. तिच्याशिवाय ही पुस्तके निघालीच नसती. पण त्यामुळे चित्रातील खेडे कोणत्याच प्रांताचे राहिले नाही: झाड सर्वांना ओळखू येईल असे, घर कोणाचेच नसलेले. मराठीतून विचार करून, मजकूर आणि चित्र एकाच हाताने घडविण्याचे काम खऱ्या अर्थाने माधुरी पुरंदरे यांनी केले. 'वाचू आनंदे'मध्ये त्यांनी मराठी साहित्यातील निवडक उतारे आणि कविता मुलांसमोर ठेवल्या. 'यश' आणि 'राधाचं घर' या मालिकांत घरातील माणसे, भांडी, गॅलरी, शेजार यांना चित्रात जागा दिली. त्यांच्या चित्रांत निसर्ग बहुधा खिडकीतून दिसतो, आणि शहरी मध्यमवर्गीय मुलाच्या बाबतीत हेच खरे आहे. १९८८ मध्ये पेरी नोडेलमन यांनी दाखविल्याप्रमाणे चित्रपुस्तकात शब्द आणि चित्र एकमेकांची पुनरुक्ती करीत नाहीत. एकाने राखलेले मौन दुसरा भरतो. मराठीत हे भान एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर आले.

८

या साऱ्या इतिहासाची कसोटी पाहावयाची असेल तर पुण्याच्या पूर्वेकडील वाघोली हे गाव नजरेसमोर ठेवावे. नगर रस्त्यावरचे, वाघेश्वराच्या देवळाचे हे जुने गाव ३० जून २०२१ रोजी पुणे महानगरपालिकेत आले. त्याआधीच्या काही दशकांत येथे तीन प्रकारची मुले एकमेकांच्या शेजारी, पण एकमेकांना न भेटता वाढू लागली होती.

पहिली दगडखाणींवरची. पुणे शहर ज्या काळ्या पाषाणातून उभे राहिले, त्यातला बराचसा वाघोलीच्या खाणींतून फोडला गेला. तो फोडणारी कुटुंबे मराठवाड्यातून, विदर्भातून, कर्नाटकातून आली. पुष्कळांची घरची बोली प्रमाण मराठी नव्हती. या मुलांसाठी 'संतुलन' संस्थेने 'पाषाण शाळा' काढल्या. कुरणशाळेची ती दूरची बहीणच. येथील मुलाचा डोंगर रोज थोडा कमी होतो. त्याच्या झाडांच्या पानांवर क्रशरची धूळ असते. सोडून दिलेल्या खाणीत पावसाचे पाणी साठते. ते पोहायला बोलावते आणि जीवही घेऊ शकते. निर्झराची कविता या मुलाला वाचून दाखविणाऱ्या शिक्षकाला त्या पाण्याविषयी काहीतरी बोलावेच लागेल, आणि कविता त्याला त्यासाठी एकही शब्द पुरवीत नाही.

दुसरी मुले भूकंपाची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जमीन हादरली. तेथील सुमारे बाराशे मुलांना भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्यात आणले आणि वाघोली हे त्या पुनर्वसनाचे केंद्र झाले. जिच्यावर घर उभे असते ती भूमीच ज्यांच्यावर उलटली, त्या मुलांसाठी मराठी निसर्गकवितेच्या भांडारात काय होते? भूमी माता आहे, निसर्ग सखा आहे, पाऊस आनंद आहे. भयाला येथे जागाच नव्हती. चिऊ-काऊच्या गोष्टीत ती होती. तेथे घर वाहून जाते, हे मुलाला आधीच सांगून ठेवलेले होते. बोधवादी आणि सौंदर्यवादी या दोन्ही परंपरांनी मुलाला भयापासून वाचविण्याच्या नादात त्याला भयाची भाषा नाकारली.

तिसरी मुले उंच इमारतींमधली. त्यांच्या घरी चित्रपुस्तके भरपूर आहेत. ती बहुतांशी इंग्रजी आहेत आणि त्यांत पानगळ, बर्फ, ओकची झाडे आणि अस्वले आहेत. या मुलाचे आईवडील रात्री शेजारी बसून वाचून दाखवितात. खाणीवरच्या मुलाच्या वाट्याला असा निवांत प्रौढ आवाज क्वचितच येतो. एकाजवळ सहवाचनाचा प्रसंग आहे, पण परिसराची कविता नाही. दुसऱ्याजवळ परिसर आहे, पाठ्यपुस्तकातली कविताही आहे, पण सहवाचन नाही. पहिल्याची इमारत दुसऱ्याच्या डोंगरातून आली आहे, हे मात्र दोघांच्याही पुस्तकात लिहिलेले नाही.

९

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष पुस्तकांची यादी बदलण्यापुरता मर्यादित नाही. खाणीवरच्या मुलाला केवळ खाणीच्या कविता द्याव्यात, असे म्हणणे म्हणजे त्याला दुसऱ्यांदा खाणीत कोंडणे होय. श्रावणावर त्याचाही हक्क आहे. न पाहिलेले पाहण्याची शक्ती हे कवितेचे मुख्य दान आहे, आणि ते कोणत्याही मुलाला परिसराच्या नावाखाली नाकारता येणार नाही. परंतु न पाहिलेले पाहण्यासाठी जे पाहिलेले आहे त्याला आधी नाव मिळावे लागते. ज्या मुलाचा स्वतःचा पाऊस कोणत्याच पानावर नाही, त्याला कवितेतील पाऊस हा परीक्षेचा भाग वाटतो.

मराठीजवळ या दोन टोकांना जोडणारे साहित्य आहे. बडबडगीतातील सौदा, बहिणाबाईंची कामकऱ्याची नजर, विंदांचा पिंजऱ्यातला प्राणी, कोसबाडच्या टेकडीवर शिक्षकाने मुलाकडून शिकलेली झाडांची नावे: या सर्वांना 'फुलांमुलां'च्या परंपरेशेजारी बसविले, तर मुलांच्या निसर्गकवितेचा इतिहास वेगळा दिसू लागतो. त्यात प्रौढ आवाज हा भाष्यकार राहत नाही. तो दुभाषी होतो. पानावरच्या झऱ्याकडून खाणीतल्या पाण्याकडे आणि तेथून परत झऱ्याकडे मुलाला नेणे, हे त्याचे काम. बालकवितेची समीक्षा आजवर कवितेजवळ थांबली. हे नेणे-आणणे वाचनप्रसंगात कसे घडते याची नोंद ती घेऊ लागली, तर त्या समीक्षेला तिचा खरा विषय सापडेल.